पाऊल दिसते, सॉकेट दिसत नाही

'नाचे मयूरी' हा १९८६ चा हिंदी चित्रपट नायगावला नववीच्या मुलांबरोबर आम्ही पुन्हा पाहिला. १९८१ मध्ये अपघातानंतर पाय गमावलेल्या आणि जयपूर पाय लावून नाचू लागलेल्या मुंबईच्या सुधा चंद्रन यांनी यात स्वतःचीच भूमिका केली आहे. जिद्दीची गोष्ट म्हणून तो आजही पकड घेतो. पण संपल्यावर एका मुलीने विचारले, "सर, एवढं नाचून पाय निसटत कसा नाही?" चित्रपटाचा सारा भर जिद्दीवर, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर त्यात हाती लागत नाही. आमची तक्रार एवढीच, पण ती लहान नाही.

कौतुक होते ते पावलाचे. रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या या रबरी पावलावर उकिडवे बसता येते, चिखलातून अनवाणी जाता येते. ते कौतुक योग्यच. मात्र वजन पायाकडून पावलाकडे पोचवते ते सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो पेला. साठ किलोच्या माणसाचा भार सुमारे ६०० न्यूटन. तो १०० चौरस सेंटिमीटरवर पसरला तर दाब चौरस सेंटिमीटरला ६ न्यूटन. पेला सैल पडून १० चौरस सेंटिमीटरवर आला तर ६०! कातडी सोलवटते, जखम होते आणि नवा पाय खुंटीला टांगला जातो.

सैल का पडतो? शस्त्रक्रियेनंतर काही महिने सूज उतरत जाते, स्नायू रोडावतात. पुढेही दिवसभरात आकार थोडा बदलतो. प्लास्टिकचा पेला मात्र आहे तसाच. जुना उपाय मोज्यावर मोजा चढवण्याचा. मराठवाड्याच्या मे महिन्यात तो करून पाहावा! कमी-जास्त करता येणाऱ्या सॉकेटमध्ये पेल्याच्या भिंतीला फटी ठेवून पट्टे किंवा तार आवळणारी चकती बसवतात. बुटाची नाडी आवळावी तसा माणूस स्वतःच तो आवळतो. दर वेळी कारागिराकडे शहरात जाण्याची एसटीची खेप वाचते. पण मधुमेहाने संवेदना मंदावलेल्याला पट्टा फार आवळलेला कळत नाही आणि रक्तप्रवाह अडू शकतो. त्याला आधी नीट शिकवावे लागते.

त्या मुलीला आम्ही वडिलांचे बूट घालून मैदानाला एक फेरी मारायला सांगितले. अर्ध्या फेरीतच ती थांबली आणि टाचेमागे चिंध्या कोंबू लागली.