दीर्घायुष्य, यंत्र आणि हत्येची चेतना

आयझॅक असिमोव्ह यांची 'द नेकेड सन' ही विज्ञानकादंबरी १९५७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. वरकरणी ती भविष्यकाळातील एका खुनाची रहस्यकथा आहे. परंतु हत्येचा कर्ता कोणास म्हणावे, हा विनयपिटकातील जुना प्रश्न तिच्या मुळाशी आहे. म्हणून आम्ही येथे तिचा परामर्श घेत आहोत.

सोलारिया या ग्रहावर माणसे अवघी २०,०००. प्रत्येकामागे १०,००० यंत्रमानव. तेथे जनुकांची छाननी करून विवाह ठरतात, गर्भ मातेच्या उदराबाहेर वाढविले जातात आणि माणसे शतकानुशतके जगतात. मात्र दुसऱ्याच्या प्रत्यक्ष सान्निध्याची त्यांना किळस येते. भेटीगाठी प्रतिमांच्या द्वारे होतात. जन्माची निवड आणि स्पर्शाची घृणा एकत्र नांदू लागली म्हणजे समाजाचे काय होते, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. अशा ग्रहावर गर्भशास्त्रज्ञ डेलमार यांची हत्या होते आणि तपासासाठी पृथ्वीवरून एलायजा बेली हा गुप्तहेर येतो.

यंत्रमानव जाणूनबुजून माणसास इजा करू शकत नाही. 'जाणूनबुजून' या एका शब्दावर सारे रहस्य उभे आहे. विषप्रयोगाच्या प्रसंगात काम वाटून दिले जाते: आपण काय मिसळतो हे एका यंत्रास ठाऊक नसते, आपण काय देतो हे दुसऱ्यास. डेलमार यांच्या हत्येत, पतिपत्नींचे भांडण चालू असता, एक यंत्रमानव आपला सुटा होणारा हात पत्नी ग्लॅडियाच्या हाती देतो आणि क्रोधाच्या भरात ती प्रहार करते. ही योजना यंत्रतज्ज्ञ लीबिगची असते.

तिसऱ्या पाराजिकाच्या विवेचनात यास समांतर प्रसंग आढळतात. भिक्षेत मिळालेले विषमिश्रित अन्न एका भिक्खूने नकळत इतरांस दिले व ते मृत्यू पावले. तेथे निर्णय अनापत्तीचा आहे. उलट, हत्येची आज्ञा एकाने दुसऱ्यास, दुसऱ्याने तिसऱ्यास पोहोचविली आणि ती तशीच पार पडली, तर त्या साखळीतील सर्वांस पाराजिक लागू होते. मध्ये कितीही हात आले तरी पहिल्याचा दोष पातळ होत नाही. या कसोटीवर यंत्रे निर्दोष आणि लीबिग पूर्ण दोषी ठरतो. येथवर असिमोव्ह यांची दृष्टी अचूक आहे.

ग्लॅडियाच्या बाबतीत मात्र ते कचरतात. एलायजा बेली तिचा प्रहार सोलारियावासीयांपासून लपवितो आणि ती अन्य ग्रहावर निघून जाते. पूर्वनियोजित द्वेष आणि क्षणिक क्रोध यांत भेद निश्चित आहे. परंतु क्रोध म्हणजे चेतनेचा अभाव नव्हे. तिच्या मनाची छाननी टाळल्याने कादंबरीचा शेवट नैतिकदृष्ट्या सैल झाला आहे.

तरीही एका ठिकाणी लेखकाने मर्मावर बोट ठेवले आहे. अटकेसाठी कोणी प्रत्यक्ष समोर येणार, या भीतीनेच लीबिग आत्मघात करतो. आणि येणारा तर मानवरूपी यंत्र असतो! चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात दारिद्र्य, चोरी व हत्या यांनी ८०,००० वर्षांचे आयुष्य १० वर्षांवर घसरते. संहारातून वाचलेली माणसे एकमेकांस आलिंगन देऊन प्राणिहत्या सोडतात, तेव्हा ते पुन्हा वाढू लागते. तेथे आयुष्य सदाचारामागून येते. सोलारियावर ते तंत्रामागून आले आणि आलिंगन अशक्य करून गेले.

माणसे नसलेल्या, म्हणून आपण कोणास मारतो हे न जाणणाऱ्या युद्धनौका उभारण्याचा लीबिगचा बेत होता. स्वयंचलित शस्त्रांच्या आजच्या काळात, यंत्राच्या निर्दोषतेआड आज्ञा देणाऱ्यास लपू न देणे हे विनयाचे काम आहे. त्या दृष्टीने ही कादंबरी अवश्य वाचावी.