वासुदेव बळवंतांचे आत्मनिवेदन : पक्षमांडणीच्या दृष्टीने

पनवेल तालुक्यातील शिरढोण येथे १८४५ साली जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडके यांचे आत्मनिवेदन इतिहासाचे साधन म्हणून परिचित आहे. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार, स्वतः पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात कारकून, आणि अखेर १८७९ सालच्या उठावाचे नायक, हा चरित्रक्रम सर्वश्रुत आहे. परंतु एप्रिल १८७९ मध्ये श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या सान्निध्यात लिहिलेला हा मजकूर वस्तुतः एक पक्षमांडणी आहे. आपली निष्ठा न मानणाऱ्या लोकांना ती पटवून द्यावी, या एकाच हेतूने तो लिहिला गेला असून त्याचे वाङ्मयीन परीक्षणही याच अंगाने व्हावयास हवे.

हे न मानणारे लोक कोण, हा पहिला प्रश्न. ते इंग्रज नव्हेत; पुण्यातील सुशिक्षित वर्ग होय. उठावापूर्वी वासुदेव बळवंतांनी याच वर्गासमोर व्याख्याने दिली होती. व्याख्यानाची दवंडी ते स्वतःच थाळी वाजवीत पिटत, आणि सायंकाळी स्वतःच बोलत. श्रोते जमत, ऐकून घेत आणि घरी जात. ज्यांना वाद घालावयाचा आहे त्यांना तरी उत्तर देता येते. जे मान डोलावून उठून जातात त्यांना कोणते उत्तर द्यावे? आत्मनिवेदनातील सुशिक्षितांवरील रोष या अनुभवातून आला आहे. शब्दांनी जे साधले नाही ते रामोशांच्या साहाय्याने साधण्याचा यत्न झाला, व तोही फसत चालला असता लेखक पुन्हा शब्दांकडे वळला, हा क्रम ध्यानात घेतल्यावाचून या लेखनातील आर्तता उमगत नाही.

या लेखनाचे बळ कथनात आहे, प्रतिपादनात नाही. आई आजारी असता रजेस झालेला विलंब, तिच्या मृत्यूनंतर वर्षश्राद्धासाठीही नाकारलेली रजा, पुढे १८७६ पासूनच्या दुष्काळात पाहिलेली माणसांची दैना, आणि या विचाराने उडालेली झोप, हे सारे तो अनलंकृतपणे सांगतो. रजेच्या अर्जाची गोष्ट कोणत्याही कारकुनास कळणारी आहे. किंबहुना पुण्यातील श्रोत्यांपैकी अनेकांचे अर्ज असेच फेटाळले गेले असतील. येथे संशयी वाचकास लेखकाचे मत मान्य करावे लागत नाही. केवळ प्रसंग मान्य करावा लागतो, आणि मताकडे तो आपण होऊन सरकतो. याउलट, इतकी माणसे व इतका पैसा मिळता तर अमुक खजिना हाती आला असता, असा हिशेब जेथे सुरू होतो तेथे मांडणी दुबळी पडते. अपयशाचे असे समर्थन कोणासही पटत नाही.

याच काळात, याच पुण्यात, विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ (१८७४-१८८१) निघत होती. उपहास हे तिचे प्रमुख शस्त्र होते, व वाचकास आपल्या बाजूस ओढण्याचे तिचे सामर्थ्य निर्विवाद आहे. वासुदेव बळवंतांपाशी उपहास मुळीच नाही. बाबा पदमनजींनी ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्रात आपल्या धर्मांतराची भूमिका अविश्वासी स्वकीयांपुढे ठेवली. परंतु तिला बाप्तिस्म्यानंतरच्या तीन दशकांहून अधिक काळाचे स्वास्थ्य लाभले होते. येथे लेखकामागे पाठलाग होता. अखेरीस तो देशबांधवांची क्षमा मागतो व दधीचीचा दाखला देतो, तेव्हा पक्षमांडणी संपून निरोप सुरू झालेला असतो. हा भाग हृदयस्पर्शी खरा, पण युक्तिवाद म्हणून त्याचे मोल अल्प आहे.

सर्वांत मोठी उणीव निराळीच आहे. दरोड्यांत लुटले गेलेले सावकार व व्यापारी यांना या लेखनात उत्तर नाही. धनिकांचा पैसा देशकार्यास लावणे एवढेच समर्थन तेथे मिळते. आणि आपल्या साथीदारांना लुटीपलीकडे रस नव्हता, ही लेखकाची स्वतःचीच तक्रार त्या समर्थनास छेद देते. पुढे मे १८७९ मध्ये दौलतराव नाइकाच्या टोळीने पनवेलजवळचे पळस्पे लुटले. लेखकाचे जन्मगाव तेथून फारसे दूर नाही. पळस्प्याच्या एखाद्या लुटलेल्या गृहस्थाच्या हाती हे आत्मनिवेदन पडते, तर ते त्याला कितपत पटले असते? तथापि ही तक्रार लेखकाने झाकून ठेवली नाही, हेही नमूद केले पाहिजे. वकिली बाण्याचा मनुष्य ती गाळता.

ज्यांच्यासाठी हे लिहिले त्यांच्या हाती ते आलेच नाही. कागद पोलिसांस सापडले आणि नोव्हेंबर १८७९ मध्ये जन्मठेपेवर संपलेल्या खटल्यात ते लेखकाविरुद्धच पुरावा ठरले. मुंबई सरकारने १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या स्वातंत्र्यलढ्याच्या साधनखंडात जे छापले आहे तेही इंग्रजी भाषांतरच होय. त्यामुळे शैलीविषयीचे प्रत्येक विधान जपूनच करावे लागते. सूडाच्या विचारांनी आपली अवस्था कशी झाली हे सांगताना भाषांतरकाराने वेडाचा वाचक शब्द योजला आहे. मूळचा शब्द ‘वेडा’ असेल, ‘भ्रमिष्ट’ असेल वा ‘पिसा’ असेल. पहिल्याने वाचक सावध होतो, दुसऱ्याने त्याला कीव येते. ‘पिसा’ हा मात्र संतांनी देवाच्या ध्यासासाठी वापरलेला शब्द आहे.