नादारीचा कायदा आणि पेठेतील दुकानदार

कंपनीचे दिवाळे आणि माणसाचे दिवाळे या दोन निरनिराळ्या गोष्टी होत, हे २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने ओळखले खरे. परंतु प्रत्यक्ष अंमल बहुतांशी पहिलीचाच झाला. व्यक्ती व भागीदारी पेढ्या यांजकरिता असलेला तिसरा भाग डिसेंबर २०१९ मध्ये केवळ कंपन्यांच्या व्यक्तिगत जामीनदारांपुरता लागू करण्यात आला. २०२४ अखेरपर्यंत तो त्यापुढे सरकला नव्हता.

परभणी जिल्ह्यातील सोनपेठसारखे तालुक्याचे गाव डोळ्यांपुढे ठेवले असता या उणिवेचा अर्थ ध्यानी येतो. मुलूख कापूस-सोयाबीनचा. बियाणे, खते वा कापड विकणारा दुकानदार सुगीच्या भरवशावर उधारी देतो; पाऊस हुकला की वसुली बुडते, घाऊक व्यापाऱ्याचे देणे मात्र उभेच राहते. त्याचे दुकान म्हणजे तो स्वतःच.

अशा मोफसलातील ऋणकोची मदार १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यावर राहिली आहे. या कायद्याची मर्यादा पाचशे रुपयांच्या कर्जापासून सुरू होते, यावरूनच त्याचे वय कळावे. धनकोंना चुकविण्यासाठी घर सोडणे किंवा दडून बसणे हे त्यात 'नादारीचे कृत्य' ठरते. मालमत्तेतून रुपयास पन्नास पैसेही निघत नसतील, तर परिस्थिती आपल्या हाताबाहेरची होती हे ऋणकोनेच सिद्ध करावयाचे. एरवी पूर्ण मुक्तता नाही. शेतकऱ्याचे राहते घर आणि कारागिराची हत्यारे यांना दिवाणी प्रक्रिया संहितेचे संरक्षण आहे. दुकानदाराचे घर व माल यांना ते नाही. धनकोंशी तडजोडीची सोय कायद्यात आहे, हे मान्य केले पाहिजे. पण ती नादार ठरविल्यानंतरची! ज्या गावात उधारी पतीवरच चालते, तेथे पत गेल्यावर आलेली तडजोड धंदा कसा वाचविणार?

२०२१ मध्ये लघुउद्योगांसाठी पूर्वनियोजित तडजोडीची पद्धत आली. दहा लाखांची थकबाकी पुरेशी, कारभारही मालकांच्याच हाती राहतो. योजना स्तुत्य आहे. परंतु तिचे दार कंपनी आणि मर्यादित दायित्वाची भागीदारी यांनाच उघडे आहे. अमेरिकेने २०१९ च्या कायद्याने धंदेवाईक व्यक्तीलाही अशा पुनर्रचनेत घेतले, हा फरक लहान नव्हे. तिसऱ्या भागातील 'नवी सुरुवात' तरी उपयोगी पडेल काय? तिच्या अटी अशा: वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, कर्ज पस्तीस हजारांच्या आत, आणि स्वतःचे राहते घर नसावे. खतांच्या दुकानाचा एका हंगामाचा मालही या मापात बसावयाचा नाही.