चौदाव्या वर्षाचा साइज

माझी भाची नववीत आहे. दिवाळीला पुण्याहून अकोल्याला गेलो तेव्हा ताईनं तिला माझ्या हवाली केलं. "कपडे घ्याले तूच घेऊन जाय तिले. माह्या पसंतीचं तिले काहीच चालत नाही." मी हो म्हणालो. दोन तासांचं काम वाटलं होतं. दोन दिवस लागले, आणि परत आल्यावर सिनेमाबद्दल किंवा पुस्तकाबद्दल लिहितात तसं दुकानांबद्दल लिहावंसं वाटलं. दुकानही काहीतरी सांगत असतं. समोरच्या गिऱ्हाइकाला ते कोण समजतं, हे त्याच्या मांडणीतून कळतं.

ताईचं घर जुन्या शहरात. मोर्णा ओलांडली की टिळक रोडचा कापडबाजार काही लांब नाही. पहिल्या दुकानात गादीवर बसलो आणि काकांनी मला विचारलं, "ताईले कोणता कलर पाह्यजे, दादा?" ताई शेजारीच बसली होती, चौदा वर्षांची, तोंड असलेली. तिनं रंग सांगितला, तरी टॉप माझ्यासमोरच उलगडले गेले. या दुकानांचं कौतुक करणारे लेख मी वाचलेत. माणुसकी, ओळख, उधारी, भावात घासाघीस. सगळं खरं आहे. पण ही माणुसकी पैसे देणाऱ्याशी असते, घालणारीशी नसते. ट्रायल रूम म्हणजे पोत्यांमागचा पडदा. भाची तिकडे पाहून म्हणाली, "राहू द्या, घरी पाहीन." घरी पाहिलेलं परत करता येत नाही, हेही तिला ठाऊक होतं.

दुसरं ठिकाण साखळीतलं शोरूम. एसी, मोठे आरसे, कडी लागणारी ट्रायल रूम, कुणी काही विचारत नाही. पुण्यात मी अशा दुकानांना नावं ठेवतो. सगळ्या शहरांत तेच कपडे, तेच गाणं. अकोल्यात मत बदललं. जिथं गल्लीतला प्रत्येक माणूस 'कोणाची व तू?' विचारतो, तिथं कुणीच काही न विचारणारी जागा ही चैन नसते, गरज असते. भाची सात कपडे घेऊन आत गेली आणि चाळीस मिनिटं बाहेर आली नाही. मी बाहेर बाकावर बसलो. तेवढंच माझं काम होतं.

पण ती बाहेर आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. मुलींच्या विभागात कपड्यांवर वय लिहिलेलं असतं, '१३-१४ वर्षे'. तो खांद्यात अडकला. बायकांच्या विभागातला सर्वांत लहान साइज कमरेत ढगळ. ती हळूच म्हणाली, "मामा, मीच जाड झाली काय?"

माझ्या धंद्यात याचं उत्तर सोपं आहे. वापरणाऱ्याची माहिती फॉर्ममध्ये बसत नसेल तर चूक फॉर्मची. पण आरशासमोर उभ्या मुलीला हे कुणी सांगत नाही. चौदा हे वय आहे, माप नाही. त्या वयात एकाच बाकावरच्या दोन मुलींच्या उंचीत वीतभर फरक असू शकतो. आपल्याकडे बहुतेक ब्रँडचे तक्ते परदेशी मापांवरून ओढूनताणून केलेले आहेत. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं, म्हणजे 'निफ्ट'नं, भारतीय मापांसाठी मोठं सर्वेक्षण हाती घेतलं. सहा शहरं, २५ हजारांवर माणसं, वयोगट १५ ते ६५. उपक्रम चांगलाच आहे. पण माझी भाची त्यात एका वर्षानं हुकते, आणि महाराष्ट्रातून त्यात मुंबई आहे, वऱ्हाड नाही.

तिसरं दुकान तिच्या हातातच होतं. ॲपवर निवड अफाट, आणि रात्री अंथरुणात कुणाच्या नजरेशिवाय बघता येते. पण शिफारशी कशा चालतात हे मला पोटापाण्यामुळे माहीत आहे. एक क्रॉप टॉप पाहिला की पुढे वीस येतात. आपली आवड आपण घडवतोय असं वाटतं; प्रत्यक्षात आधी कुठं बोट थांबलं एवढंच यंत्राला कळत असतं. आणि फोटोतल्या मुलीच्या अंगावर कपडा मागून चिमट्यानं आवळलेला असू शकतो, हे फोटोत दिसत नाही.

आणखी एक गोष्ट तिन्ही ठिकाणी सारखीच होती. लेबल उलटून पाहिलं तर बहुतेक टॉप पॉलिस्टरचे. हे अकोल्यात. १८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवीत तिकडचा कापूस थांबला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाच्या कापसावर पडली. आजही शिवारात कापूस उभा असतो. आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा इथल्या मुली घामानं अंगाला चिकटणारं पॉलिस्टर घालून ट्यूशनला जातात. स्वस्त आहे, चुरगळत नाही, इस्त्री लागत नाही. तक्रार मुलींबद्दल नाही. पण स्टाइल शिकवायचीच असेल तर ती लेबल वाचण्यापासून शिकवावी.

शेवटी काम झालं ते ताईच्याच गल्लीत. शोरूममधून एक सुती शर्ट आणि एक जीन्स घेतली, दोन्ही एक साइज मोठं. 'फॉल-पिको, अल्टर' अशी पाटी लावलेल्या काकूंकडे गेलो. त्यांनी मला दाराबाहेर थांबवलं, टेप भाचीच्या खांद्याला लावला आणि तिलाच विचारलं, "किती ढिलं ठेवू व माय?" दोन दिवसांत तिला पहिल्यांदाच कुणी हे विचारलं होतं. जीन्सचे खिसे नुसते नावाला होते. मोबाइल बसेल एवढे खोल करून मागायचं भाचीलाच सुचलं.

काकूंनी ॲपवरून आधी मागवलेला एक टॉप उलटा करून दाखवला. "याच्यात मायाच नाही ठेवेल." शिवणीच्या आत जादा सोडलेल्या कापडाला माया म्हणतात. ती असली तर कपडा उसवून वाढवता येतो. ती कापली की कपडा काही रुपयांनी स्वस्त होतो, आणि वाढत्या अंगाला दोन महिन्यांत निकामी.

तेव्हा वाढत्या मुलीसाठी कपडे कुठं घ्यावेत, याचं माझं उत्तर असं: जिथं तिला एकटीला घालून बघता येतं तिथं. बिल करण्याआधी कपडा उलटा करून माया पाहावी, लेबल वाचावं. ॲप शेवटी, तेही टेपनं घेतलेली मापं हाताशी ठेवून. आणि मामानं बाहेर बसावं.

भाचीनं तो शर्ट दिवाळीच्या पाडव्याला घातला. ताई म्हणाली, "पोरासारखा दिसते." भाची खिशात हात घालून उभी राहिली. "दिसू दे," म्हणाली.