बर्फात अडकलेली निवडणूक

तुर्की कादंबरीकार ओरहान पामुक यांची ‘कार’ (म्हणजे बर्फ) २००२ साली आली. धर्म विरुद्ध सेक्युलर राज्य या झगड्याची कादंबरी म्हणूनच तिच्याकडे बहुधा पाहिले जाते. ते खोटे नाही; पण त्यात एक साधी गोष्ट नजरेआड होते. सीमेजवळच्या कार्स शहरात महापौरपदाची निवडणूक तोंडावर आली आहे आणि इस्लामी पक्ष जिंकणार अशी हवा आहे. बर्फाने रस्ते बंद होतात आणि सुनाय झाईम हा नट लष्करातल्या मित्राच्या साथीने चक्क रंगमंचावरून उठाव करतो. बंदुकीतल्या गोळ्या खऱ्या आहेत हे प्रेक्षकांना उशिरा कळते. सेक्युलर राज्य वाचवायचे, तेही मतदारांपासून!

हा विरोधाभास केवळ पामुक यांच्या कल्पनेतला नाही. तुर्कस्तानात राज्याने धर्माशी फारकत घेण्याऐवजी त्याला ताब्यात घेतले. १९२४मध्ये खिलाफत गेली आणि त्याच वर्षी धर्मव्यवहाराचे सरकारी खाते आले. १९३२पासून अजान तुर्कीतून द्यावी लागे. १९५०मध्ये मतदारांनी सत्तापालट केला, अरबी अजान परतली. ते सरकार १९६०मध्ये लष्कराने उलथवले.

माझ्या मते कादंबरीचे मर्म एशिया हॉटेलमधल्या गुप्त बैठकीत आहे. इस्लामवादी, कुर्द तरुण आणि जुने डावे एका जर्मन वर्तमानपत्रासाठी उठावाच्या निषेधाचे निवेदन लिहायला जमतात आणि शब्दाशब्दावर भांडतात. पामुक या गोंधळाची थट्टा करतात. पण एकमेकांशी न पटणारी ही माणसे उठावानंतरही एका ठिकाणी बसून वाद घालतात, हे विसरू नये. लोकशाहीचा चिवटपणा दिसायला असा बेंगरूळच असतो.

कादंबरीची मर्यादाही इथेच आहे. हिजाबच्या वादात जीव दिलेल्या तेस्लिमेच्या मरणाचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो; ती स्वतः आपल्याला भेटत नाही. कादिफे रंगमंचावर डोके उघडे करायला तयार होते, तेही प्रियकराच्या सुटकेच्या सौद्यात. पामुक यांना हे दिसते, पण कथा अखेर कवी ‘का’ याच्याच दुःखाकडे वळते.

तरीही पुस्तक जुने झालेले नाही. २०१६चा लष्करी उठाव फसला, पण पाठोपाठ आलेल्या आणीबाणीत हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. २०१९मध्ये इस्तंबूलच्या महापौरपदाचा निकाल रद्द झाला, तो धर्मनिष्ठ मतदारांच्या बळावर वाढलेल्या सत्ताधारी पक्षाच्या तक्रारीवरून. फेरमतदानात विरोधी उमेदवार एक्रेम इमामोग्लू यांचे सुमारे १३ हजारांचे मताधिक्य ८ लाखांच्या घरात गेले. त्यांनाच मार्च २०२५मध्ये अटक झाली. मतपेटीला घाबरणारे बदलले. कार्सच्या मतदाराची अडचण तीच राहिली. ‘कार’ पुन्हा वाचावी, ती या मतदारासाठी.