आद्याक्षरांचे ओझे : तळीयेच्या संदर्भात ऑनलाइन संभाषणातील लघुरूपांचा विचार

प्रास्ताविक

ऑनलाइन संभाषणातील लघुरूपांविषयीची तक्रार आता नवीन राहिलेली नाही. वाढदिवसाला 'एचबीडी', सकाळी 'जीएम', निरोप घेताना 'टीसी' आणि निधनाच्या बातमीखाली 'आरआयपी' वाचून वैतागणारा वाचक प्रत्येक कुटुंबात आणि प्रत्येक स्टाफरूममध्ये आढळतो. या वैतागाची दखल सहसा दोन प्रकारांनी घेतली जाते. एक पक्ष भाषा भ्रष्ट झाल्याचा निर्वाळा देतो. दुसरा पक्ष भाषा परिवर्तनशील असते असे सांगून विषय संपवतो. दोन्ही पक्षांची दृष्टी लिहिणाऱ्यावर खिळलेली असते. लघुरूपामुळे लिहिणाऱ्याचे श्रम वाचतात हे उघड आहे. परंतु ते श्रम नाहीसे होत नाहीत, ते वाचणाऱ्याकडे जातात. हे ओझे कोणावर पडते आणि केव्हा पडते, या प्रश्नाच्या आधारे लघुरूपांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या चिकित्सेसाठी रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यातील तळीये हे गाव समोर ठेवले आहे. २२ जुलै २०२१ रोजी या गावाच्या कोंढाळकरवाडीवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वेळी महाड शहर पुराने वेढलेले होते, रस्ते बंद होते, संपर्क तुटलेला होता. पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या होत्या. अशा दिवशी हातातील फोनवर येणारा एकेक शब्द कळणे किंवा न कळणे ही केवळ अभिरुचीची बाब राहत नाही. दैनंदिन गप्पांत जो दोष क्षुल्लक वाटतो, त्याचे खरे वजन अशा ठिकाणी मोजता येते.

मराठीची स्वतःची लघुरूपे

लघुरूप ही इंग्रजीने मराठीला दिलेली देणगी नव्हे. मोडी कागदपत्रांत 'मौजे', 'तर्फ', 'प्रांत' असे वारंवार येणारे शब्द आखूड करून, पुढे दोन उभ्या रेघा देऊन लिहिले जात. पत्रव्यवहारात तर लघुरूपांची एक संपूर्ण व्यवस्थाच होती. 'सा. न. वि. वि.', 'ती.', 'चि.', 'रा. रा.', 'ता. क.' ही रूपे शाळेत शिकवली जात आणि वाचणाऱ्याला त्यांचा उलगडा आपोआप होई. कोकणातून मुंबईस आणि मुंबईहून कोकणात जाणाऱ्या पत्रांवरील 'मु.', 'पो.', 'ता.', 'जि.' ही चार अक्षरे म्हणजे प्रशासनाचा आणि भूगोलाचा संक्षिप्त नकाशाच होता. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, 'जि.' पुढचे नाव बदलले, परंतु 'जि.' म्हणजे काय हे कोणाला पुन्हा सांगावे लागले नाही.

या व्यवस्थेचा गौरव करताना तिच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. 'वे. शा. सं.' हे रूप विशिष्ट वर्णासाठी राखीव होते आणि 'गं. भा.' हे रूप स्त्रीचे वैधव्य तिच्या नावाआधी मांडत असे. जुनी लघुरूपे निरागस नव्हती. समाजातील उतरंड त्यांत अक्षरबद्ध झाली होती. मात्र एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगता येते. ज्या भाषेत वाक्य लिहिले जाई त्याच भाषेतील शब्दाचे ते आखूड रूप असे, आणि त्यापुढचे टिंब वाचणाऱ्याला 'येथे काही उरले आहे' अशी सूचना देई.

विसाव्या शतकात याच परंपरेने 'मसाप', 'शेकाप', 'अंनिस' अशी रूपे घडवली. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या शेतकरी कामगार पक्षाचे 'शेकाप' हे नाव रायगड जिल्ह्यात इतके रुळले, की ते लघुरूप आहे याची आठवणही अनेकांना होत नाही. इंग्रजीतून आलेली काही रूपेही अशीच घरची झाली. 'एसटी' हा त्याचा सर्वांत ठळक दाखला होय. तळीयेच्या पुनर्वसनात घरे बांधण्याचे काम ज्या संस्थेकडे आले ती 'म्हाडा' हाही दुसरा दाखला आहे. कारण 'म्हाडाने', 'म्हाडाचे', 'म्हाडात' अशी विभक्तीची रूपे ती सहज घेते. 'सातबारा' हे तर अधिकच बोलके उदाहरण आहे. गाव नमुना क्रमांक सात आणि बारा यांची ही नुसती आकडेजोड. परंतु शेतकऱ्याच्या तोंडी ती जमिनीच्या हक्काचेच नाव झाली. तेव्हा मूळ परकीय आहे म्हणून लघुरूप त्याज्य ठरत नाही. वाचणाऱ्याने ते आपले केले आहे किंवा नाही, ही खरी कसोटी आहे.

सत्तर अक्षरांची मर्यादा

ऑनलाइन लघुरूपांचे समर्थन जागेच्या टंचाईवरून केले जाते. हा युक्तिवाद एके काळी खरा होता. तारेत शब्दागणिक पैसे मोजावे लागत; भारतातील तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली. मोबाइलच्या लघुसंदेशात रोमन लिपीची १६० चिन्हे मावत, तर देवनागरीची केवळ ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी आणि हलंत ही प्रत्येक स्वतंत्र चिन्हे मोजली जात असल्याने 'विद्यार्थी' हा एक शब्द दहा जागा खाई. मराठी माणूस रोमन लिपीत मराठी लिहू लागला आणि पाठोपाठ इंग्रजी आद्याक्षरांकडे वळला, याचे एक कारण या गणितात आहे.

परंतु २००९ नंतर आलेल्या व्हॉट्सॲपसारख्या माध्यमांत ही टंचाई उरली नाही. तरीही सवय राहिली. या सवयीची विसंगती देवनागरीत विशेष उघडी पडते. 'एनडीआरएफ' हे रूप लिहिण्यास आठ चिन्हे लागतात. 'बचाव दल' हे दोन शब्द मधल्या मोकळ्या जागेसह सात चिन्हांत लिहून होतात. रोमन लिपीत जे चार अक्षरांचे आहे ते देवनागरीत अक्षरांच्या नावांची माळ होते. येथे जागा वाचत नाही, वेळ वाचत नाही आणि अर्थही पोचत नाही. ज्याला संक्षेप म्हणून स्वीकारले तो प्रत्यक्षात विस्तार आहे, आणि तोही अर्थशून्य विस्तार. आधुनिक तंत्रज्ञानाच्या नावाने होणारे समर्थनही फारसे टिकत नाही. 'ओएमजी' हे रूप १९१७ मध्येच ॲडमिरल फिशर यांनी चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात आढळते. लघुरूपाचा मोह यंत्राहून जुना आहे.

दल की निधी?

लघुरूपामुळे वाचणाऱ्यावर पडणारे ओझे किती गंभीर असू शकते, हे आपत्तीच्या परिभाषेतून स्पष्ट होते. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ याच्या कलम ४४ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तरतूद आहे आणि कलम ४६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीची. पहिली जिवंत माणसांची तुकडी आहे. दुसरी पैशाची तरतूद. इंग्रजीत 'फोर्स' आणि 'फंड' हे दोन्ही शब्द एकाच अक्षराने सुरू होतात, म्हणून दोहोंचे लघुरूप एकच झाले : 'एनडीआरएफ'. राज्य पातळीवरील 'एसडीआरएफ' या रूपाची स्थितीही तीच आहे. मराठीत 'दल' आणि 'निधी' हे शब्द एकमेकांत मिसळण्याची काहीच शक्यता नाही. जो गोंधळ मराठीत संभवतच नव्हता, तो आद्याक्षरांच्या आयातीने मराठीत आणला गेला.

तळीयेसारख्या गावातील आपद्ग्रस्ताला या दोन्ही गोष्टींशी संबंध येतो आणि तोही थोड्या दिवसांच्या अंतराने. आधी ढिगाऱ्याखालील माणसे शोधणारे दल येते. तळीयेत ते काम या दलाच्या तुकड्यांनीही केले. नंतर मृतांच्या वारसांना, जखमींना आणि पडलेल्या घरांना मिळणाऱ्या साहाय्याचा हिशेब प्रतिसाद निधीच्या निकषांवर चालतो. 'एसडीआरएफकडून मदत मिळेल' असे वाक्य गटातील संदेशात आले, तर त्यातील मदत म्हणजे दोर घेऊन येणारी माणसे की बँकेत जमा होणारी रक्कम, हे वाचणाऱ्याने कसे ओळखावे? शासकीय अधिकारी आणि वार्ताहर संदर्भावरून ते ओळखतात. संदर्भ ज्याच्या हाती नाही तो मात्र दुसऱ्याला विचारत फिरतो. माहिती हाती असूनही तिच्याबाहेर उभे राहावे लागणे, हे या वैतागाचे खरे स्वरूप आहे.

हा प्रश्न एका गावापुरता मर्यादित नाही. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते या गावांनी हेच भोगले होते. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीने ते भोगले. दरडप्रवण डोंगरांच्या कुशीत राहणाऱ्यांसाठी पावसाळ्यातील इशारे आता फोनवरच येतात आणि गटागटांतून पुढे धाडले जातात. इशाऱ्याची भाषा क्षणात कळली पाहिजे. ती उलगडण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

शोकातील आद्याक्षरे

लघुरूपांविषयीची चीड सर्वाधिक तीव्र होते ती मृत्यूच्या प्रसंगी. 'आरआयपी' हे रूप मूळ लॅटिन प्रार्थनेचे असून मृतात्म्यास शांततेत विसावा मिळो, असा त्याचा अर्थ आहे. ख्रिस्ती दफनभूमीतील शिळेवर त्या तीन अक्षरांमागे शतकांची श्रद्धा उभी असते, आणि तेथे त्यांचे स्थान आदराचेच आहे. परंतु ज्या वाडीतील माणसे घरांसह मातीखाली गेली आणि त्यांपैकी काहींचे देह अखेरपर्यंत हाती लागले नाहीत, त्या वाडीच्या बातमीखाली हीच अक्षरे टंकताना ती कोणत्या अर्थाने उमटतात, याचा विचार लिहिणारा करीत नाही. तो निर्दय नसतो. त्याला दुःख झालेले असते. लघुरूप त्या दुःखाला शब्दांपर्यंत पोचू देत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. 'भावपूर्ण श्रद्धांजली' हे शब्दही वापरून वापरून गुळगुळीत झाले आहेत. मग तीन अक्षरांनाच दोष का द्यावा? आक्षेपात तथ्य आहे. ठरावीक शब्द कोणत्याही भाषेत झिजतात. तरीही पूर्ण शब्द लिहिताना मनाला त्यातून जावे लागते, आणि शोकाच्या प्रसंगी तेवढे थांबणे हाच समाचाराचा गाभा आहे. मराठी समाजात समाचाराला जाण्याची रीत आहे. तेथे फारसे बोलायचे नसते, पण जाऊन बसायचे असते. घाईने केलेला समाचार आपल्याकडे समाचार मानला जात नाही.

अध्यापकांची जबाबदारी

लघुरूपांच्या प्रसाराचा दोष तरुण पिढीच्या माथी मारण्याची प्रथा आहे. महाविद्यालयीन अध्यापकांनी या बाबतीत आपले स्वतःचे गट तपासून पाहण्यासारखे आहेत. 'आयक्यूएसीने एक्यूएआरसाठी एफडीपीचा डेटा ईओडीपर्यंत मागितला आहे' या धर्तीच्या वाक्यात प्रत्यय आणि क्रियापद तेवढे मराठी उरते. असे संदेश ज्यांना कळतात त्यांचे एक वर्तुळ तयार होते. नव्याने रुजू झालेला सहकारी, शिक्षकेतर कर्मचारी आणि पालक त्या वर्तुळाबाहेर राहतात. 'टीसी' या दोन अक्षरांचा अर्थ विद्यार्थ्याच्या संदेशात 'काळजी घे' असतो, कार्यालयाच्या खिडकीवर शाळा सोडल्याचा दाखला असतो आणि रेल्वेत तिकीट तपासनीस असतो. विद्यार्थ्याची लघुरूपे निदान खेळकर असतात. अध्यापकांची लघुरूपे अधिकार गाजवतात.

समारोप

लेखन कोणासाठी करावे, याचे उत्तर महाडच्या परिसरातच उपलब्ध आहे. परंपरेनुसार दासबोधाचे लेखन जेथे झाले ती शिवथर घळ याच तालुक्यात आहे. त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला वाहिलेला असून, अक्षर मोकळे, सुटे आणि नेटके काढावे, तरुण वयाच्या जोरावर ते फार बारीक करू नये, कारण म्हातारपणी ते वाचता येणार नाही, असा व्यवहारी उपदेश त्यात आहे. लेखनाचे माप लिहिणाऱ्याच्या वेगावर नसून वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर ठरते, हे तत्त्व त्यात अनुस्यूत आहे. याच तालुक्यातील रायगड ज्यांची राजधानी होती त्या शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून घेतला, तोही राज्यकारभाराची भाषा आपली असावी या जाणिवेतून.

या विवेचनातून काही व्यवहार्य निष्कर्ष निघतात. रुळलेले लघुरूप जरूर वापरावे. न रुळलेले प्रथम पूर्ण लिहावे. इंग्रजी आद्याक्षरांची माळ ओवण्यापेक्षा दीर्घ नावातील एक अर्थपूर्ण शब्द ठेवावा. 'प्रतिसाद दल' आणि 'प्रतिसाद निधी' ही रूपे पुरेशी आटोपशीर आहेत. इशारा, साहाय्य आणि शोक या तीन प्रसंगी लघुरूप टाळावे, कारण या तिन्ही वेळी वाचणाऱ्याकडे उलगडा करीत बसण्याचे बळ नसते. यांसाठी कोणत्याही नव्या नियमाची किंवा समितीची आवश्यकता नाही. आपला संदेश डोंगराच्या पायथ्याशी, पावसात, मंद उजेडात कोणी वाचणार आहे, एवढी जाणीव लिहिताना ठेवली तरी पुरेसे आहे.