जाळ्याला ‘आलेख’ का म्हणावे?

‘ग्राफ थिअरी’ची ओळख करून देणारे मराठी लेखन बहुधा ‘आलेख सिद्धांत’ या नावाने सुरू होते आणि विद्यार्थी पहिल्याच ओळीत चकतो. आलेख म्हटला की त्याच्या डोळ्यांपुढे दोन अक्ष, प्रमाण आणि आलेख-कागद उभा राहतो. त्या आलेखातला बिंदू जरासा सरकला तरी माहिती बदलते. येथे बिंदू कोठेही न्यावा, रेषा वाकडी काढावी. कोण कोणाला जोडलेला आहे एवढेच कायम राहिले म्हणजे झाले.

चौरस काढून त्याचे दोन्ही कर्ण काढा. ते छेदतात तो बिंदू मोजायचा का? एकसामयिक समीकरणांची उकल छेदनबिंदूत शोधायला शिकलेला विद्यार्थी तो हमखास मोजतो. पण येथे बिंदू ४ आणि कडा ६ आहेत. एक कर्ण चौरसाबाहेरून वळवून काढला की छेद नाहीसा होतो, रचना मात्र तीच राहते. अशा रचनेला ‘जाळे’ हा घरचा शब्द असताना इंग्रजीतला घोटाळा आपण कशासाठी ओढवून घ्यावा? सिल्व्हेस्टरने १८७८ साली ‘ग्राफ’ हा शब्द योजला तो रसायनशास्त्रज्ञांच्या रेणूंच्या आकृत्यांवरून. अक्षांशी त्याचा संबंध नव्हता.

‘कोटी’ची गत याहून वाईट. बहुपदीची कोटी वेगळी, कोटिकोन वेगळा आणि ‘या बिंदूची कोटी तीन’ म्हटले की मागच्या बाकावरून ‘तीन कोटी!’ असे ऐकू येणारच. ‘या बिंदूपाशी किती कडा मिळतात?’ असे सरळ विचारावे. ऑयलरने १७३५ साली कोनिग्जबर्गच्या ७ पुलांचे कोडे सोडवले तेव्हा त्याच्याजवळ यातला एकही शब्द नव्हता, बिंदू-रेषांची आकृतीही नव्हती. जमिनीच्या चार भागांपाशी ५, ३, ३ आणि ३ पूल येतात, या मोजणीवर त्याचे काम भागले.

‘शिरोबिंदू’ व ‘कडा’ मात्र ठेवावेत. घनाकृतींच्या पाठात ते आलेलेच असतात आणि घन हेही एक जाळेच आहे.

‘मार्ग’ हा शब्द तर अटीवाचून वापरूच नये. प्रत्येक कडेवरून एकदाच जायचे की प्रत्येक शिरोबिंदूतून? घनाच्या आठही शिरोबिंदूंपाशी ३ कडा मिळतात, त्यामुळे पहिले अशक्य. दुसरे जमते. खडूच्या खोक्यावर बोट फिरवून मुलांनी ते करून पाहावे.